कर रस्त्यांचा, खड्डे उपनगरांचे

पावसाळा आला की अंधेरी-कुर्ला रस्त्यापासून मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गापर्यंत उपनगरांची चाळण होते आणि खड्ड्यांचा जाब महानगरपालिकेला विचारला जातो. तो विचारलाच पाहिजे. परंतु रस्त्यांच्या नावाने वर्षानुवर्षे वसूल होणारा पैसा कोणाच्या तिजोरीत जातो, हा त्याहून मूलभूत प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

जो रस्ता झिजवतो त्याने दुरुस्तीचा भार उचलावा, हे तत्त्व न्याय्य आहे. नवे तर मुळीच नाही. मुंबईच्याच मुकुंदराव जयकरांच्या समितीने पेट्रोलवर जादा कर बसवून तो केवळ रस्त्यांसाठी राखून ठेवावा, अशी शिफारस केली. त्यानुसार १९२९ साली गॅलनमागे दोन आण्यांच्या करातून केंद्रीय मार्ग निधी उभा राहिला. करदात्याशी केलेला तो करार होता.

त्या कराराचे पुढे काय झाले? २०१८ मध्ये केंद्राने इंधनावर लिटरमागे ८ रुपयांचा ‘रस्ते व पायाभूत सुविधा उपकर’ लादला. मे २०२० मध्ये, टाळेबंदीने श्रमिकांच्या चुली थंड पडल्या असताना, त्यात आणखी ८ रुपयांची भर घातली. पुढे तो कमी केला खरा. पण उपकर असल्याने राज्यांना त्यात विभाज्य करांप्रमाणे हक्काचा वाटा नाही आणि महानगरपालिकेचे तर नावच नाही. शिवाय बंदरे, विमानतळ, वीज यांवरही तो खर्च करण्याची मुभा कायद्यानेच दिली. अंधेरी-बोरिवलीच्या परिवहन कार्यालयांत भरलेला वाहनकर राज्याच्या तिजोरीत जातो. जुलै २०२४ पर्यंत तर मुंबईकर इंधनावर उर्वरित महाराष्ट्राहून चढा विक्रीकर भरीत होता!

महानगरपालिका श्रीमंत आहे, तिने खर्च करावा, असा युक्तिवाद केला जातो. तिचे हुकमी उत्पन्न असलेली जकात २०१७ मध्ये गेली. ती आता राज्याच्या भरपाईवर विसंबून आहे. २०२३ मध्ये सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणासाठी तिने सहा हजार कोटींची कंत्राटे दिली. रस्त्यांचा कर अन्यत्र गेल्यामुळे हा भार ज्या तिजोरीवर पडतो, तिच्यातूनच प्रसूतिगृहे, शाळा आणि वस्त्यांचे नळ चालतात. मोटार ज्याच्या दारात नाही, तोच अखेरीस रस्त्याची किंमत मोजतो.

सवलती मात्र कोणाला? ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या आदल्या रात्री, दहिसर-मुलुंडच्या नाक्यांवर मोटारींचा टोल माफ झाला. मार्च २०२५ मध्ये तीस लाखांवरील विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर सुचवला गेला आणि त्याच अधिवेशनात मागेही घेतला गेला. दुचाकीवरून घरोघर माल पोचविणारा तरुण प्रत्येक लिटरमागे कर भरतो; तीस लाखांची मोटार त्याच रस्त्यावरून विनाइंधन, विनाकर धावते. यालाच का ‘वापरणाऱ्याने मोल द्यावे’ म्हणायचे?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. इंधन उपकरात आणि वाहनकरात महानगरपालिकांचा वाटा कायद्याने ठरवा. वाहनाचे वजन व किंमत पाहून कर आकारा, सार्वजनिक बसला त्यातून वगळा. प्रत्येक प्रभागात जमा-खर्च फलकावर लावा. घाटकोपर असो वा बोरिवली, कार्यकर्त्यांनी केवळ खड्डे मोजून थांबू नये. त्या खड्ड्यांत गडप झालेला पैसाही मोजावा.