करेवांची माती

काश्मीरच्या खोऱ्यात करेवा नावाची जी उंच, सपाट माथ्याची पठारे आहेत, त्यांना यंत्रांचे दात लागून आता बराच काळ लोटला आहे. काझीगुंड ते बारामुल्ला हा लोहमार्ग २००९ साली पुरा झाला, त्याच्या भरावासाठी ही माती गेली. वीटभट्ट्यांसाठी व रस्त्यांसाठीही ती खणली जात आली आहे. लोहमार्ग नको, असे म्हणण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. जून २०२५ मध्ये चिनाबवरील पूल खुला होऊन खोरे उर्वरित देशाच्या रेल्वेशी जोडले गेले, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु भरावात पडते ती नुसती मातीच काय, हे विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पीर पंजालची रांग वर उचलली गेली तेव्हा पाण्याची वाट अडून खोऱ्यात विस्तीर्ण सरोवर झाले. करेवांचा तळ म्हणजे त्या सरोवराचा गाळ. त्यावर वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक धुळीचे, म्हणजे लोएसचे, आवरण आहे. थंड व कोरड्या काळात ही धूळ भराभर साचे. हवा उबदार व ओलसर झाली की धुळीचा वर्षाव मंदावे, तिच्यावर गवत-झाडोरा उगवे आणि तिचीच माती बने. थंडी परतली की ती माती नव्या धुळीखाली गाडली जाई. कड्यात फिकट व गडद पट्टे एकाआड एक दिसतात ते यामुळेच. कण जाड असला तर वारा जोराचा होता असे समजावे. आणि त्या कणावर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला, हेही आता प्रयोगशाळेत काढता येते.

या विद्येचा पराक्रम पाहावयाचा तर चीनकडे पाहिले पाहिजे. तेथील लोएस पठारावर धूळ व माती यांच्या तीसहून अधिक जोड्या असून त्यांत सुमारे पंचवीस लाख वर्षांचा इतिहास आहे. हेलर आणि ल्यू तुंगशेंग यांनी १९८२ साली या थरांतील चुंबकीय खुणांवरून त्यांचा काळ ठरविला. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी उलटले, त्याचीही नोंद तेथे आहे. गडद थरांतील चुंबकीय खनिजे अधिक, म्हणजे उन्हाळी मोसमी पाऊस बळकट, असा ताळा तेथे जमला.

मग काश्मीरची धूळ कशाला हवी, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. खोऱ्यातील बर्फ व पाऊस मुख्यत्वे पश्चिमेकडून येणारे हिवाळी वारे आणतात. त्या वाऱ्यांची जुनी कहाणी चिनी मोसमी पावसावरून सांगता यावयाची नाही. आपले हवामान खाते तर १८७५ सालचे. दीडशे वर्षांच्या नोंदींवर झेलमच्या उद्याच्या पाण्याचा हिशेब करणे म्हणजे एका पानावरून पोथी जोखणे होय.

याच पठारांवर पांपूरचे केशर पिकते. बुर्झहोम येथे नवाश्मयुगीन माणसाने याच मातीत खड्डे खणून घरे केली. तोही खणतच होता, पण त्याच्या हाती दगडाची व हाडाची हत्यारे होती!

भूवारसा स्थळांच्या रक्षणाच्या विधेयकाचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये अभिप्रायांसाठी प्रसिद्ध केला होता. पण खोदाईचा परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. परवान्यापूर्वी भूवैज्ञानिकाकडून कड्याची मोजणी करवावी, प्रत्येक थराचे नमुने ठेवावेत, आणि ज्या कड्यांत सर्व पट्टे अखंड आहेत असे निवडक कडे खोदाईतून कायमचे वगळावेत.