राखणदारच भागीदार

मुंबईच्या मटक्याचे मूळ न्यूयॉर्कमध्ये आहे, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नसेल. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीला उघडला आणि कितीला बंद झाला, हे तारेने मुंबईला कळे आणि त्या आकड्यांवर येथे पैसे लावले जात. पुढे तो आधार तुटला, मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची प्रथा पडली आणि ‘मटका’ हे नाव रूढ झाले. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द मात्र कापसाच्या भावांची खूण म्हणून मागे राहिले. मटका बेकायदा होता आणि आहे. तो हप्त्यांच्या आधारावर चाले, हेही उघड गुपित होते.

आज त्याच न्यूयॉर्क राज्यात खेळांवरील पैजा कायदेशीर आहेत. घरबसल्या मोबाइलवरून त्या लावता येतात आणि कंपन्यांना त्यांतून जे उत्पन्न मिळते, त्याचा ५१ टक्के वाटा राज्य सरकार कर म्हणून घेते. हप्ता आणि कर यांत फरक आहे आणि तो लहान नाही. कर विधिमंडळ ठरवते, त्याचा हिशेब छापला जातो, तो सार्वजनिक कामांवर खर्च होतो. परंतु एक गोष्ट दोहोंत समान आहे. घेणाऱ्याला धंदा चालू राहावा, किंबहुना वाढावा, असे वाटू लागते. अमेरिकेच्या घटक राज्यांनी गेल्या काही वर्षांत पैजांच्या नियमनाची जी व्यवस्था उभारली आहे, तिचे परीक्षण या गोष्टीपासून सुरू झाले पाहिजे.

बंदीकडून मोकळिकीकडे

खेळ आणि पैज यांच्या संबंधाची भीती अमेरिकेला जुनी आहे. १९१९ च्या बेसबॉल विश्वमालिकेत पैसे घेऊन सामने हरल्याच्या आरोपावरून शिकागोच्या संघातील आठ खेळाडूंना पुढे आजन्म बंदी घालण्यात आली. १९५१ मध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये तसाच प्रकार उघडकीस आला. अखेर १९९२ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून खेळांवरील पैजांना मान्यता देण्यास राज्यांना मनाई केली. या कायद्याचे एक प्रमुख पुरस्कर्ते सिनेटर बिल ब्रॅडली हे स्वतः नामवंत बास्केटबॉलपटू होते. ज्या नेवाडा राज्यात अशा पैजा आधीपासून रुजल्या होत्या, त्याला सूट मिळाली. अन्य तीन राज्यांना मर्यादित सवलत मिळाली.

ब्रॅडली ज्या न्यू जर्सीचे प्रतिनिधी होते, त्याच राज्याने पुढे या कायद्याविरुद्ध झेंडा उभारला, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल. अटलांटिक सिटीतील जुगारगृहांचा धंदा बसत चालला होता आणि राज्याला महसूल हवा होता. २०११ मध्ये तेथील मतदारांनी पैजांच्या बाजूने कौल दिला, त्यानंतर कायदे झाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १४ मे २०१८ रोजी न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी लिहिलेल्या निकालाने १९९२ चा कायदा रद्द ठरला.

या निकालाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. पैजा इष्ट की अनिष्ट, हा प्रश्न न्यायालयाने सोडवलेला नाही. काँग्रेस स्वतः पैजांचे नियमन करू शकते, परंतु राज्यांच्या विधिमंडळांनी कोणता कायदा करावा किंवा करू नये, अशी आज्ञा ती त्यांना देऊ शकत नाही, एवढेच न्यायालयाने सांगितले. काँग्रेसला स्वतःचा कायदा करण्याची वाट मोकळी होती. तिने ती धरली नाही. राज्ये मात्र थांबली नाहीत. डेलावेअर आणि न्यू जर्सी या राज्यांनी महिनाभरातच दारे उघडली. डिसेंबर २०२५ मध्ये मिसूरीत पैजा सुरू झाल्या, तेव्हा ३९ राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन एवढ्या ठिकाणी हा व्यवहार कायदेशीर झालेला होता.

जितकी राज्ये तितक्या रीती

राज्याराज्यांतील तऱ्हा पाहण्यासारख्या आहेत. नेवाडात कराचा दर जेमतेम पावणेसात टक्के आहे, परंतु मोबाइलवर खाते उघडायचे तर आधी जुगारगृहात स्वतः जाऊन नोंद करावी लागते. न्यू हॅम्पशायरमध्ये मोबाइलवरील पैजांसाठी राज्याच्या लॉटरी खात्याने एकाच कंपनीशी करार केला आहे आणि उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक वाटा राज्याकडे येतो. टेनेसीत पैजांची दुकाने नाहीत, सारा व्यवहार मोबाइलवर चालतो. तेथे २०२३ पासून कंपनीच्या उत्पन्नावर नव्हे, तर लावल्या गेलेल्या एकूण रकमेवर कर आकारला जातो. फ्लोरिडात हा हक्क २०२१ च्या करारान्वये सेमिनोल या आदिवासी जमातीकडे आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०२२ मध्ये या विषयावरील दोन्ही प्रस्ताव फेटाळले. युटाच्या तर राज्यघटनेतच जुगाराला मनाई आहे. वयाची अट बहुतेक ठिकाणी २१ वर्षांची असली, तरी केंटकी आणि वायोमिंगसारख्या राज्यांत अठरा वर्षांचा मुलगाही पैज लावू शकतो.

संघराज्यात अशी विविधता असणे हा दोष नव्हे. एखाद्या राज्याने धाडस करून नवा प्रयोग करून पाहावा, त्यापासून उर्वरित देशाला धोका पोहोचू नये, हा संघराज्याचा मोठा लाभ आहे, असे न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांनी १९३२ मध्ये म्हटले होते. परंतु प्रयोगाचा निष्कर्ष कोण नोंदवणार, हा प्रश्न उरतोच. प्रयोग चालू राहण्यावर ज्याचे उत्पन्न अवलंबून आहे, त्यानेच निष्कर्ष नोंदवायचा असेल, तर तो कितपत विश्वसनीय मानावा?

महसुलाची चटक

२०२४ साली अमेरिकेत कायदेशीर मार्गाने लावल्या गेलेल्या पैजांची रक्कम सुमारे १५० अब्ज डॉलर होती. त्यांपैकी सुमारे १४ अब्ज डॉलर कंपन्यांकडे राहिले. हे १४ अब्ज म्हणजे कोणी निर्माण केलेली संपत्ती नव्हे, तर पैजा लावणाऱ्यांनी गमावलेला पैसा होय. एकट्या न्यूयॉर्क राज्याला त्या वर्षी यातून १०० कोटी डॉलरहून अधिक कर मिळाला. जुगाराच्या व्यसनाबाबतचे शिक्षण आणि उपचार यांसाठी त्याच राज्याच्या कायद्याने राखून ठेवलेली वार्षिक रक्कम आहे ६० लाख डॉलर. शंभर कोटी एका पारड्यात आणि साठ लाख दुसऱ्या पारड्यात, यावरून राज्याचे लक्ष कोठे आहे ते सांगावयास नको.

इलिनॉयचे उदाहरण अधिक बोलके आहे. आरंभी तेथे कराचा दर १५ टक्के होता. २०२४ मध्ये तो उत्पन्नाप्रमाणे २० ते ४० टक्के झाला. २०२५ मध्ये त्यावर प्रत्येक पैजेमागे आकार बसवण्यात आला: पहिल्या दोन कोटी पैजांपर्यंत २५ सेंट आणि त्यापुढे ५० सेंट. मोठ्या कंपन्यांनी तो भार लगोलग ग्राहकांवर टाकला. ओहायोने कर सुरू केला त्याच वर्षी दुप्पट केला, मेरीलँड आणि न्यू जर्सी यांनीही दर वाढवले. यांपैकी कोणत्या वाढीमागे व्यसनाला आळा घालण्याचा हेतू होता आणि कोणत्या वाढीमागे अंदाजपत्रकातील खड्डा होता, याचे उत्तर त्या त्या वर्षीची अंदाजपत्रके पाहिली की मिळते.

कायदेशीर मान्यतेचा काहीच लाभ झाला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चोरट्या बाजारात ग्राहकाला दाद मागण्याची सोय नसते. परवानाधारक कंपनीला ग्राहकाची ओळख, वय आणि ठिकाण तपासावे लागते, संशयास्पद व्यवहार कळवावे लागतात. जॉन्टे पोर्टर या व्यावसायिक बास्केटबॉलपटूचे प्रकरण अशाच सूचनेमुळे उघडकीस आले आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच्यावर आजन्म बंदी आली. गुप्त बाजारात हे कदाचित कधीच कळले नसते. परंतु याच उदाहरणाची दुसरीही बाजू आहे. एखाद्या खेळाडूने आज किती गुण मिळवले, यावर पैज घेण्याची मुभा नसती, तर त्याला मोहात पाडण्याचे कारणच उरले नसते.

येथेच या नियमनाचे मर्म आहे. दारावरचा पहारा चोख आहे, परंतु आत काय विकले जाते याकडे काणाडोळा केला जातो. पूर्वी सामना कोण जिंकेल, यावर पैज असे. आता पुढचा चेंडू कसा पडेल, यावरही ती असते आणि सामना संपेपर्यंत हाताला उसंत मिळत नाही. अनेक पैजांची साखळी जोडून थोड्या पैशांत मोठ्या बक्षिसाचे आमिष दाखवले जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघातील दोन गोलंदाजांवर ठरवून चेंडू टाकल्याचे आरोपपत्र ठेवण्यात आले. त्या आरोपांचा निवाडा न्यायालय करील. परंतु त्यानंतर एका चेंडूवरील पैजेला २०० डॉलरची मर्यादा घालण्याचा निर्णय बेसबॉल संघटना आणि कंपन्या यांनी मिळून जाहीर केला. हे काम राज्यांच्या नियामकांनी आधीच का केले नाही?

हरणाऱ्याला सवलती देऊन खेळत ठेवायचे आणि सातत्याने जिंकणाऱ्याच्या पैजांवर मर्यादा घालायची, हीही कंपन्यांची रीत आहे. मॅसेच्युसेट्सच्या आयोगाने मे २०२४ मध्ये याविषयी उघड चर्चा ठेवली, तेव्हा बहुतेक कंपन्या गैरहजर राहिल्या. पुढे त्या आल्या, पण पहिल्या बोलावण्याला न जाण्याचे धैर्य त्यांना झाले, हे विसरता येत नाही. परवाना देणाऱ्याला परवाना रद्द करणे परवडणार नाही, हे त्या ओळखून होत्या.

ज्यांनी सह्या केल्या त्यांनाच पुढे आपल्या कृतीची धग जाणवली, हे त्यातल्या त्यात आशादायक आहे. मॅसेच्युसेट्सचे गव्हर्नर म्हणून चार्ली बेकर यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये पैजांच्या कायद्यावर सही केली. पुढच्याच वर्षी ते महाविद्यालयीन क्रीडासंघटनेचे अध्यक्ष झाले आणि विद्यार्थी खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरील पैजा बंद करा, असे राज्यांना विनवू लागले. ओहायो, मेरीलँड, लुइझियाना आदी राज्यांनी तशी बंदी घातली. ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन यांनी तर आपण त्या कायद्यावर सही केली याचा पुढे जाहीर खेद व्यक्त केला. परंतु खेदाने महसूल परत जात नाही. मोबाइलवरील पैजांना मान्यता दिलेल्या राज्यांत कर्जबाजारीपणा आणि दिवाळखोरी वाढल्याचे अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये दाखवून दिले. ही घरे विधिमंडळात कोणी प्रतिनिधी पाठवत नाहीत आणि कंपन्यांचे वकील मात्र तेथे नित्य हजर असतात.

भागीदारी सोडावी लागेल

यावर बंदी हाच उपाय, असे मानणे भाबडेपणाचे आहे. मटक्याने आपल्याला तेवढे तरी शिकवले आहे. आपल्या राज्यघटनेने पैजा आणि जुगार हा विषय राज्यसूचीत ठेवला असला, तरी संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला. दोनच वर्षांपूर्वी त्याच खेळांवर २८ टक्के कर बसवण्यात आला होता, हे लक्षात घेता महसुलावर पाणी सोडण्याची तयारी दाखवली गेली, एवढे श्रेय दिले पाहिजे. ती बंदी चोरट्या बाजाराला किती रोखते, हे मात्र काळच ठरवील. अमेरिकेने केंद्रीय मनाईकडून राज्यांच्या मोकळिकीकडे आणि भारताने नेमका उलट प्रवास केला. दोन्हीकडे कसोटी एकच: राज्यसंस्थेला कोणाच्या नुकसानीतून लाभ होतो?

अमेरिकेपुढचा मार्ग अवघड असला तरी अस्पष्ट नाही. पैजांचा महसूल नित्याच्या खर्चाला जोडू नये, नियामक आयोगाचा खर्च त्या महसुलाच्या वाढीवर अवलंबून ठेवू नये, उसनवारीवर पैज घेऊ नये आणि एकेका चेंडूवरचा जुगार बंद व्हावा. मॅसेच्युसेट्सने क्रेडिट कार्डावरील पैजांना मनाई केलीच आहे. सर्व राज्यांना लागू होतील अशा किमान अटी घालणारे विधेयक सिनेटर रिचर्ड ब्लूमेंथल आणि प्रतिनिधी पॉल टोन्को यांनी २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही. अटी कडक केल्या की कंपन्या निघून जातील आणि चोरटा बाजार फोफावेल, असा धाक घातला जातो. न्यूयॉर्कने ५१ टक्के कर लावला, तरी कंपन्या गेल्या नाहीत. उलट तोच देशातील सर्वांत मोठा बाजार ठरला. जे राज्य महसुलासाठी एवढे ताठ राहू शकते, ते नागरिकांच्या रक्षणासाठी का राहू शकत नाही?

२०२५ पासून या प्रश्नाला आणखी एक वळण लागले आहे. सामन्याच्या निकालावरील पैज हा ‘वायद्याचा करार’ आहे असे म्हणून काही कंपन्या केंद्राच्या वायदेबाजार आयोगाच्या छत्राखाली गेल्या आणि ज्या राज्यांत पैजांना मनाई आहे तेथेही व्यवहार करू लागल्या. राज्ये न्यायालयांत धावली. नागरिकांच्या रक्षणाचा आपला अधिकार हिरावला जात आहे, असे ती सांगतात. त्यांचे म्हणणे खरेही असेल. परंतु गेली काही वर्षे त्यांनी हा अधिकार ज्या रीतीने वापरला, ती पाहता त्यांना अधिकार गेल्याचे दुःख अधिक की कर बुडाल्याचे, अशी शंका कोणालाही यावी. कापसाच्या वायद्यांच्या भावावर जो आकडा एकेकाळी मुंबईत लागत असे, तो आता वायद्याचेच नाव घेऊन अमेरिकेत परतला आहे. त्याला आवर घालायचा असेल, तर राज्यांना आधी आपला वाटा सोडावा लागेल.