बाटलीवरचे नाव आणि अळीच्या पोटातली खाच

ज्वारी पेरल्यावर, कोंब वर येण्याच्या आत, ॲट्राझीन मारले तर तण उगवून मरते आणि ज्वारी टिकते. तेच पाणी वाऱ्याने शेजारच्या पऱ्हाटीवर गेले तर पऱ्हाटी करपते. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत ज्यांनी ज्वारी केली त्यांना हे सांगायला नको. असे का होते, हे आम्ही सभेत विचारतो तेव्हा 'ज्वारीला ते चालते' एवढेच उत्तर येते. आम्ही कृषी पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा आमचेही उत्तर याहून मोठे नव्हते. परीक्षेत मात्रा विचारत, कारण कोणी विचारत नसे.

कारण असे आहे. ज्वारीसुद्धा ते विष शोषून घेते. पण तिच्या पेशीत एक विकर असते. विकर म्हणजे एन्झाइम, स्वतः न संपता दुसऱ्या पदार्थांत बदल घडवून आणणारे प्रथिन. या विकराच्या अंगावर शेजारी शेजारी दोन खाचा असतात. एकीत ग्लुटाथिओन नावाचा लहानसा पदार्थ बसतो, दुसरीत ॲट्राझीन. जवळ आले की विकर दोघांची गाठ मारून देते. गाठ पडलेले ॲट्राझीन निकामी होते. तणाकडे आणि पऱ्हाटीकडे हे काम पुरेशा वेगाने होत नाही, म्हणून ती मरतात.

या खाचा कोणाच्या कल्पनेतल्या नाहीत. साखरेचे खडे धरतात तसे विकराचेही बारीक स्फटिक धरवता येतात. त्यांच्यावर क्ष-किरण सोडले की ते ठराविक तऱ्हेने विखुरतात आणि त्यावरून कोणता अणू कुठे आहे हे मोजता येते. १९८८ चे नोबेल मिळवणारे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट ह्यूबर यांच्या गटाने १९९८ साली मक्याच्या अशाच विकराची रचना प्रसिद्ध केली, खाचेत ग्लुटाथिओनला जोडलेल्या ॲट्राझीनसकट. मका ज्वारीची जवळची नातलग. विष पचणार की नाही हे खाचेच्या आकारावर आणि आत कोणते अणू समोर येतात यावर ठरते, हे त्यातून दिसले.

आता हीच विद्या अळीला येते, आणि आमचे दुखणे तिथे आहे.

सायपरमेथ्रिन, फेनव्हेलरेट ही पायरेथ्रॉईड गटातली औषधे आली तेव्हा एका फवारणीत हिरवी बोंडअळी टपाटपा गळत होती. १९८७-८८ च्या हंगामात आंध्रच्या गुंटूर भागात ती मरेनाशी झाली. पुढे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत डॉ. केशव क्रांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणच्या अळ्या आणून त्या किती विष पचवतात हे मोजले. २०१२ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी दाखवले की या अळीत विष फोडणाऱ्या दोन विकरांचे जनुक तुटून एकमेकांना जोडले गेले आणि तिसरे, नवेच विकर तयार झाले. ते फेनव्हेलरेट पचवते. मेंढीच्या अंगावर अळ्या घालणाऱ्या ऑस्ट्रेलियन माशीच्या एका विकराची रचना २०१३ मध्ये उलगडली. त्या माशीत विकराच्या साखळीतली १३७ व्या जागेवरची एकच कडी बदलते आणि जे विष खाचेत अडकून बसत होते ते फोडून बाहेर टाकले जाते. एक कडी! (गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडले ती वाट वेगळी. तिथे विष जिथे चिकटते ती जागाच बदलली. त्यावर पुन्हा कधी.)

विकराला कंपनीचे नाव वाचता येत नाही. मागच्या हंगामात मंगरूळपीरकडे एका शेताच्या बांधावर आम्ही रिकाम्या बाटल्या गोळा केल्या. चार फवारण्या, चार कंपन्या, चार नावे, चढती किंमत. मागचे बारीक अक्षर चष्मा लावून वाचले तर तीन बाटल्यांत एकच घटक आणि चौथीत त्याच गटातला त्याचा भाऊ. त्या शेतकऱ्याने औषध बदलले असे त्याला वाटत होते. दुकानदारानेही बदलूनच दिले होते. अळीला मात्र चारही वेळा तेच ताट वाढले.

औषध लागू पडले नाही की पुढची पायरी आपल्याला पाठ आहे. एका पंपात दोन औषधे, मग तीन. यात थोडे शास्त्रही आहे. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचे तयार मिश्रण बाजारात येते, त्यात प्रोफेनोफॉस अळीच्या विष फोडणाऱ्या विकराची खाच बुजवते आणि सायपरमेथ्रिनचे काम सोपे होते. पण भावांनो, तशी विकरे फवारणाऱ्याच्या यकृतातही आहेत. मॅलॅथिऑन माणसाला त्या मानाने सोसते ते याच विकरांच्या जोरावर. त्याच गटातले दुसरे विष सोबत गेले तर विकर अडकून पडते आणि मॅलॅथिऑन कितीतरी पट जहाल होते. अमेरिकेत हे जनावरांवरच्या प्रयोगांत १९५७ सालीच छापून आले.

२०१७ च्या पावसाळ्याअखेर शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात पडले. मास्क घातला नाही, हातमोजे नव्हते, उलट्या वाऱ्याने फवारले, हे सगळे सांगून झाले. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत, ऑक्टोबरच्या उन्हात, रबरी हातमोजे घालून कोणी दिवसभर पंप मारून दाखवावा. बाटलीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो, १९६८ च्या कायद्याखालच्या नियमांनी आलेला. पण तो त्या एका बाटलीपुरता. आपण घरी दोन निळे एकत्र केले तर त्रिकोण कोणता, हे कोण सांगणार?

आम्ही औषधाच्या विरोधात नाही. वेळेला फवारल्याशिवाय बोंड हाती येत नाही हे आम्हीही जाणतो. आमचे मागणे साधे आहे. जगात या विषांचे गट पाडून त्यांना क्रमांक दिलेले आहेत: मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट हे १-ब, पायरेथ्रॉईड ३-अ, इमिडाक्लोप्रिड, ॲसिटामिप्रिड ४-अ. ऑस्ट्रेलियात डब्यावर हा गट ठळक छापतात. तो आपल्या बाटलीवर, कंपनीच्या नावाएवढ्याच मोठ्या मराठी अक्षरात आला पाहिजे, आणि दुकानाच्या पावतीवरसुद्धा. गट बदलला की अळी हमखास मेली असे नाही, कधी एकच विकर दोन गटांना पुरून उरते. पण निदान डोळे उघडे ठेवून बदलता येईल. दुसरे, फवारणीच्या हंगामात तालुक्याच्या दवाखान्यात रक्तातल्या कोलिनएस्टरेजची चाचणी व्हावी. १-ब गटातले विष अंगात कितपत भिनले हे त्यावरून कळते. ॲट्रोपिनचा साठा प्राथमिक आरोग्य केंद्रात हवा.

वाशिमच्या बैठकीत हे दोन ठराव मांडू. येताना प्रत्येक गावाने यंदाच्या रिकाम्या बाटल्यांवरची लेबले काढून आणावीत, बाटल्या नकोत. लेबलामागे फवारणीची तारीख आणि सोबत काय मिसळले ते लिहावे. कारंजा आणि मानोऱ्याच्या कार्यकर्त्यांनी लेबले गटवार लावण्यासाठी एक तास आधी यावे.