खर्रा आणि चार ऊती

माणसाच्या शरीरात मुख्य ऊती चार: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. नववीत पाठ करायचं, पेपरात लिहायचं आणि विसरायचं. माझं मत विचाराल तर नागपुरात तरी हा धडा खर्ऱ्यावरून शिकवावा. हसू नका मंडळी, सांगतो.

(पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी: खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना, पन्नीत घोटून दिलेला. आमच्याकडे कुठल्याही पानठेल्यावर.)

गालाच्या आतलं मऊ अस्तर ही अभिस्तर ऊती. तिच्याखाली संयोजी ऊती, तिच्यात कोलॅजेनचे तंतू. सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन हे तंतू बनवणाऱ्या पेशींना चेव आणतं. सुपारीतल्या तांब्यामुळे तंतू एकमेकांत आणखी घट्ट गुंततात. वरचं अस्तर पातळ आणि पांढुरकं होतं, खाली दोऱ्या वळल्यासारखे ताठ पट्टे तयार होतात. पुढे हे लोण स्नायूंपर्यंत जातं. आधी तिखट झोंबतं (तेही सावजीच्या गावात!), मग तोंडच उघडत नाही. सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात तो हाच. १९५२-५३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत त्याची वर्णनं आहेत, म्हणजे गुटख्याच्या पुड्या येण्याच्या कितीतरी आधीपासून. आणि ह्यातून पुढे कॅन्सरही होऊ शकतो.

निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात. बघा करून. माझ्या चुलतभावाची जेमतेम दोन जातात, वय सदतीस. वर मला म्हणतो, "दादा, मी तंबाखू कमीच टाकायला सांगतो ना!"

इथेच सगळी गडबड आहे. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी आली, पोस्टरं लागली, पण आपल्या डोक्यात शत्रू एकच बसला, तंबाखू. सुपारीला कोण नावं ठेवणार? ती पूजेत, विड्यात, लग्नाच्या बोलणीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच नुसत्या सुपारीला, तंबाखूशिवाय, कॅन्सरकारक ठरवलंय. तरी जेवणानंतर सुपारीचा डबा आपणच पुढे करतो, पोरांसमोर.

खर्रा सोडला की आजार वाढायचा थांबू शकतो. पण एकदा जमलेले पट्टे आपोआप सैल होत नाहीत. व्यायाम, इंजेक्शनं, कधी ऑपरेशन. माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी पहिली पुडी शाळेत असतानाच तोंडात टाकली. तेव्हा मास्तरांनी ऊतींच्या तासाला आकृती काढण्याआधी वर्गाला तीन बोटं मोजायला लावावीत. आणि घरी जाऊन बाबांची, काकांचीही.