पुढाऱ्यांचीं आत्मचरित्रें आणि आमचें मत

सांताक्रूझच्या कष्टकरी मतदार बंधुभगिनींनो,

आमच्या खेड्यांतलीं कितीतरी घरें पोटासाठीं वाकोल्यांत व कलिन्यांत येऊन राहिलीं आहेत, म्हणून हे चार शब्द तुम्हांस.

निवडणूक आली कीं पुढारी तुमच्या दाराशीं येऊन हात जोडतो; उतारवयांत आत्मचरित्र लिहितो तेव्हां हिशेब मांडतो. जोडलेले हात तुम्ही पुष्कळ पाहिले, हिशेब मात्र कोणी वाचीत नाहीं. ‘तीं जाडीं पुस्तकें शिकलेल्यांचीं, आम्हां हमालांस, फेरीवाल्यांस, घरकाम करणाऱ्या बायांस त्यांचें काय?’ असें म्हणण्याची चाल आपल्यांत पडली आहे. ह्या चालीनें पुढाऱ्यांचें भलें झालें, तुमचें नाहीं. ज्याच्या हातीं पांच वर्षांचा कारभार द्यावयाचा, त्यानें स्वतः काय लिहून ठेविलें आहे हें न पाहणें म्हणजे सावकाराची वही न वाचतां अंगठा उठविणें होय.

उदाहरण तुमच्या दाराजवळच आहे. वाकोल्याहून पायीं जातां येईल अशा वांद्रे-कुर्ला संकुलांत १ मे २०२३ रोजीं महाविकास आघाडीची ‘वज्रमूठ’ सभा झाली. तिन्ही पक्ष एक आहेत, हेंच त्या नांवाचें सांगणें. दुसऱ्याच दिवशीं नरिमन पॉईंटला श्री. शरद पवार यांच्या ‘लोक माझे सांगाती’ ह्या आत्मचरित्राची नवी आवृत्ति प्रसिद्ध झाली. त्याच समारंभांत पवारांनीं पक्षाचें अध्यक्षपद सोडण्याचें जाहीर केलें. गलका त्याचाच झाला, आणि पुस्तक मागें पडलें. पुस्तकांत काय होतें? श्री. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असतां कोरोनाच्या काळांत दोनदांच मंत्रालयांत गेले हें पचनीं पडणारें नव्हतें, आणि शेवटीं त्यांनीं न झगडतां राजीनामा दिला, असा ठपका होता. काल वज्रमूठ, आज त्याच मुठींतून निघालेलें बोट!

हें वाचून मतदारानें काय करावें? एक जण म्हणतो, ‘साहेबांनीं लिहिलें, तेव्हां ठाकरे नालायकच.’ दुसरा म्हणतो, ‘पवारांचें पुस्तक ना? फेंकून द्या.’ दोघेहि दुसऱ्याच्या डोक्यानें चालतात. शाळेंत एका मुलानें तक्रार केली म्हणून आम्ही दुसऱ्यास लागलीच शिक्षा करीत नाहीं. दोघांसहि उभें करतों, वर्गालाहि विचारतों. मतदारानें तेंच करावें.

प्रथम राजीनाम्याची गोष्ट. तो २९ जून २०२२ रोजीं दिला गेला. पुस्तक आल्यावर नऊच दिवसांनीं, ११ मे २०२३ रोजीं, सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. राज्यपालांनीं बहुमत सिद्ध करावयास सांगितलें तें चुकीचें होतें, असें कोर्टानें म्हटलें. पण ठाकरे बहुमताच्या चांचणीस सामोरे न जातां पायउतार झाले, म्हणून त्यांचें सरकार परत बसवितां येत नाहीं, असेंहि म्हटलें. म्हणजे ह्या एका ठपक्यास पुस्तकाबाहेरचा आधार मिळाला. येथें कोणाचें मत बदललें तर तें पुराव्यानें बदललें. त्यांत लाज नाहीं.

आतां मंत्रालयाची गोष्ट. ठाकरे घरून पडद्यावर बैठका घेत होते, नोव्हेंबर २०२१ मध्यें त्यांच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली, हेंहि ठपक्याच्या शेजारीं मांडा. आणि तिसरा साक्षीदार तुम्ही स्वतः. लोकल बंद होती, काम बंद होतें, तेव्हां तुमच्या दहा बाय दहाच्या खोलींत धान्य पोंचलें कीं नाहीं, इस्पितळांत खाट मिळाली कीं नाहीं, हें कोणत्याहि पुढाऱ्यापेक्षां तुम्हांस अधिक ठाऊक आहे. मुख्यमंत्री कोठें बसला होता ह्यापेक्षां त्याचा हुकूम तुमच्यापर्यंत आला काय, हा सवाल मोठा.

पण बंधूंनो, खरा सवाल लिहिणाऱ्यालाच विचारावयाचा आहे. ज्या सरकारची ही तक्रार, त्यांत पवारांचाच पक्ष बसला होता, उपमुख्यमंत्री श्री. अजित पवार होते. गोष्ट पचत नव्हती, तर ती तेव्हांच तुम्हांस कां सांगितली नाहीं? सत्ता होती तोंवर तोंडाला कुलूप, आणि सत्ता जाऊन दहा महिने झाल्यावर लेखणीला पाय! जें तुम्हांस २०२१ सालीं कळावयास हवें होतें, तें २०२३ सालीं किंमत छापून पुस्तकांत कळलें. पुढाऱ्याचें आत्मचरित्र वाचून तो ज्याच्याविषयीं लिहितो त्याच्याबद्दलचें मत जितकें बदलतें, तितकेंच लिहिणाऱ्याबद्दलचेंहि बदललें पाहिजे. एकच बदललें, तर तुम्ही वाचलें नाहीं, फक्त ऐकून घेतलें.

जें लिहिलें गेलें नाहीं तेंहि ध्यानांत ठेवा. १९७८ च्या जुलैंत वसंतदादा पाटलांचें सरकार गेलें आणि पवार मुख्यमंत्री झाले. त्याची हकीकत पवारांच्या तोंडची मिळते. यशवंतराव चव्हाणांच्या आत्मचरित्रांत मिळत नाहीं, कारण त्यांचें ‘कृष्णाकाठ’ १९४६ पाशीं थांबतें आणि पुढचे भाग होण्याआधींच ते १९८४ सालीं वारले. जो लिहून ठेवतो त्याची बाजू उरते. तुमची बाजू तर कोणीच लिहीत नाहीं, म्हणून ती तुम्हींच विसरूं नये.

२०२४ च्या नोव्हेंबरांत कलिना मतदारसंघानें ठाकरे यांच्याच पक्षाचा उमेदवार पुन्हा निवडून दिला. एका पुस्तकानें मतपेटी पालथी होत नाहीं, आणि होऊंहि नये. मत बदलावें कीं कायम ठेवावें हा तुमचा हक्क आहे. मात्र दोन्हींला कारण हवें.

तेव्हां चाळींत वर्गणी काढा, एक प्रत आणा. ज्याला वाचतां येतें त्यानें रात्रीं मोठ्यानें वाचावें, बाकीच्यांनीं ऐकावें आणि मध्यें मध्यें हटकावें. एका पुढाऱ्याचें संपलें कीं त्याच्या विरोधकाचें आणा. पुढाऱ्याला तुमच्या टाळ्यांचें भय नाहीं. वाचून प्रश्न विचारणाऱ्या मतदाराचें आहे. तें भय त्याला वाटूं द्या!

— एक खेडेगांवचा शाळामास्तर