एका विहिरीवर दोन मोटा

शेतात टाकतात तो पांढराशुभ्र युरिया कशाचा बनतो, ठाऊक आहे? चक्क वायूचा! नैसर्गिक वायूतला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन मिळून अमोनिया होतो. त्याचा कार्बन डायऑक्साइडशी संयोग झाला, की युरिया तयार.

ओमान हा तेल-वायूवर जगणारा देश. नुसतं तेल विकून किती दिवस भागणार? म्हणून त्याने सूर या बंदराच्या गावी खताचा कारखाना काढला. त्यात इफ्को आणि कृभको या आपल्या सहकारी संस्थांचा निम्मा वाटा. २००५ पासून तिथला युरिया जहाजांनी भारतात येऊ लागला. ओमानला नवा धंदा मिळाला, आपल्या शेतकऱ्याला खत.

पण खतालाही वायूच लागतो! विहिरीवर दुसरी मोट बसवली, म्हणून पाणी वाढतं का? मग ओमानने आणखी काय करावं? आई-बाबांशी बोला आणि वहीत लिहा बघू!