भाऊ मृत्युपत्र दाखवत नाही? आता बहिणींनाच हलावं लागेल

वडोदरा : आई-वडील दांडिया बाजारात, लेक दिलेली नंदुरबारला. वडील गेले की दिवसकार्यातच भाऊ सांगतो, "बाबांनी मृत्युपत्र केलंय, घर माझ्या नावावर आहे." कागद मात्र दाखवत नाही. इथल्या मराठी घरांत हे नवं नाही.

नवं आहे ते कायद्यात. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मधलं कलम 213 संसदेने डिसेंबर 2025 मध्ये काढून टाकलं. वडोदऱ्यातल्या घरासाठी प्रोबेटची सक्ती आधीही नव्हती. पण वडिलांची मुंबईत खोली असली, तर मृत्युपत्राच्या जोरावर हक्क सांगणाऱ्याला कोर्टात यावंच लागायचं. ती अट गेली. खर्च वाचला हे खरं, पण कागद दडवणाऱ्यावरचा दबावही गेला.

म्हणून पहिली चक्कर सब-रजिस्ट्रार कचेरीत. मृत्युपत्र नोंदलेलं असेल तर ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याची नक्कल कोणीही अर्ज करून मागू शकतो. मृत्यूचा दाखला जवळ ठेवावा. भावाची परवानगी लागत नाही. अडचण एवढीच की नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या असलेला साधा कागदही चालतो, आणि तो कपाटात राहतो.

अशा वेळी कलम 267. ज्याच्या ताब्यात मृत्युपत्र आहे त्याला ते हजर करायचा आदेश जिल्हा न्यायाधीश देऊ शकतात. ताबा सिद्ध होत नसला तरी माहिती असल्याचा संशय असेल, तर बोलावून विचारपूस होते. अर्ज मात्र वडील जिथे राहत होते किंवा त्यांची मालमत्ता जिथे आहे तिथल्या जिल्हा न्यायालयात. म्हणजे नंदुरबारहून फेऱ्या आल्याच. कागद फाडला असेल, तर जपलेल्या नकलेवरून किंवा पुराव्यावरून प्रोबेट मिळू शकतं. लबाडीने मृत्युपत्र लपवणं वा नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 343 खाली गुन्हा आहे, शिक्षा जन्मठेपेपर्यंत.

कोर्टात वेळ जातो. फत्तेसिंहराव गायकवाड 1988 मध्ये गेल्यानंतर राजघराण्यात सुरू झालेला मालमत्तेचा वाद 2013 मध्ये तडजोडीने मिटला. तो लपवलेल्या कागदाचा नव्हता, आणि त्यांना तेवढी वर्षं परवडली. मध्यमवर्गीय बहिणीला परवडत नाहीत, म्हणूनच ती हक्कसोड पत्रावर सही करून मोकळी होते.

ती सही सर्वांत महाग. मृत्युपत्र नसेल तर मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांचा वाटा सारखा. वडिलोपार्जित मालमत्तेत तर वडील फक्त स्वतःच्या हिश्श्याचंच मृत्युपत्र करू शकतात. शिवाय सगळं खरंच भावाच्या नावावर लिहिलेलं असेल, तर त्याला बहिणीची सही हवी कशाला, हे आधी विचारावं.